मुरलेले हात

ताईंचं एक ठाम मत होतं, आणि ताईंचं मत बदलायचं म्हणजे दगडाला पाझर फोडायचा. मत असं, की हात मुरावा लागतो. पार्लरमध्ये केस धुण्याचं काम घेतलं की पहिले काही महिने पोरींचे हात लाल होतात, आग होते, पेरांवर चिरा पडतात. मग कातडी शहाणी होते, पाण्याशी आणि शाम्पूशी तिची सोयरीक जमते, आणि पुन्हा म्हणून ती तक्रार करत नाही. जिची जमत नाही तिला मुळात कामच नको असतं. संपलं. इतकी सोपी गोष्ट होती ती, निदान ताईंच्या लेखी.

पुरावा मागाल तर त्या आपले दोन्ही पंजे पुढे पसरायच्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? उभा जन्म बेसिनपाशी गेलेला, केस कुरळे करायच्या त्या नाकात जाणाऱ्या औषधांत गेलेला, पण तळवे साफ, बोटं सरळ, नखांच्या कडेची कातडी कुठे सुटलेली नाही. नव्या पोरी ते हात बघून गार व्हायच्या. काही टिकायच्या, बऱ्याच पळायच्या. पळालेल्यांना ताई एकच पदवी द्यायच्या: कामचुकार.

पार्लर काही मोठं नव्हतं. पुढे आरशांसमोर तीन खुर्च्या, मागे पडद्याआड दोन बेसिनं, कोपऱ्यात टॉवेलांचं मशीन, आणि भिंतीवर एक गीझर, जो तापला की टक् करून बोलायचा. पण त्या दोन बेसिनांवर दुकानाचं नाव चाललं होतं. बाया नुसत्या केस धुवायला यायच्या. आणि तिथे ताईंचा नियम होता: बेसिनपाशी हातमोजे नाहीत. रंग लावताना खुशाल घाला, रंग बोटांना चिकटतो. पण केस धुताना नाही. ताई म्हणायच्या, गिऱ्हाईक डोळे मिटून, मान मागे टाकून आपलं डोकं आपल्या ओंजळीत देतं. ते जर आपण रबरी मोजे घालून धरलं, तर त्याला काय वाटेल? आपल्याला शिवायलासुद्धा नको आहे, असंच वाटेल ना? हा अपमान आपल्या दुकानात व्हायचा नाही.

आता भावजयीचं. ताईंच्या धाकट्या भावाची बायको. तिची मुलगी शाळेत जायला लागली आणि घरातल्या भिंती तिला खायला उठल्या, तेव्हा ताईंनीच तिला बोलावून घेतलं. चार दिवस ये, जमलं तर बघ. जमलं म्हणजे कसलं, बाईच्या बोटांत काहीतरी होतं. ती डोक्याला हात लावायची आणि दोन मिनिटांत गिऱ्हाईक घोरायला लागायचं. महिन्याभरात बाया ताईंना डावलून विचारायला लागल्या, ‘त्या दुसऱ्या नाहीत का आज?’ ताईंना अभिमान वाटायचा. थोडं टोचायचंही. खोटं कशाला बोला.

ती ताईंना ‘वन्सं’ म्हणायची. हल्ली नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतं कोण? पार्लरमधल्या पोरी ‘मॅडम’ म्हणायच्या, सगळी गल्ली ‘ताई’ म्हणायची. पण हिला तिच्या आईनं तसं शिकवलं होतं आणि हिनं ते सोडलं नाही. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असलं तरी पडद्यामागून हाक यायची, ‘वन्सं, पाणी तापलं.’ पोरी खुदुखुदु हसायच्या. ताई वरून वैतागल्यासारखं करायच्या आणि आतून सुखावायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. सगळ्या जगाच्या ताई आणि सगळ्या जगाच्या मॅडम झाल्यावर, कुणाची तरी वन्सं आणि कुणाची तरी आत्या असणं एवढंच काय ते आपलं म्हणावं असं त्यांच्याकडे उरलं होतं.

पहिल्या काही आठवड्यांतच भावजयीच्या बोटांच्या बेचक्यांत लाली दिसायला लागली. ताईंनी बघितलं आणि हसल्या. लोण्याची आहे गं ही, जरा ऊन पाणी लागलं की वितळते, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं आणि तेव्हापासून तिचं नावच पडलं लोणी. लोणी, टॉवेल दे. लोणी, तिकडे बघ. तीही हसायची. माणूस आपल्याच चेष्टेला हसतं तेव्हा बाकीच्यांना वाटतं, चला, तिला काही लागत नाही.

लाली गेली नाही. तिच्या जागी बारीक पुळ्या आल्या, पुळ्या फुटल्या, चिरा पडल्या. ताई म्हणाल्या, मुरतोय हात, मुरू दे. मग बोटांच्या मागची कातडी जाड आणि खरखरीत झाली, मनगटापर्यंत सरकली, आणि एक दिवस टॉवेलाच्या कडेला पाणचट रक्ताचा ठिपका दिसला. तेव्हा मात्र ताई वैतागल्या. तिच्यावर वैतागल्या, हे विशेष. हात नीट स्वच्छ ठेवत नाहीस तू, त्यांनी सुनावलं. घाण राहते म्हणून चिघळतं ते. प्रत्येक गिऱ्हाईक झालं की साबण लावून, ब्रश घेऊन चांगले घासून धूत जा. घरी गेल्यावर ते जंतू मारायचं औषध पाण्यात टाकून धू. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि ती पडली ऐकणारी. ती धुवायला लागली.

किती धुवायची ते ताईंना दिसत होतं. पडद्यामागे दोन गिऱ्हाइकांच्या मधे ब्रशाचा खसाखसा आवाज यायचा. ताईंना वाटायचं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

त्याच दिवसांत आणखी एक झालं. भाची शाळा सुटली की पार्लरमध्ये यायची, आणि तिची विस्कटलेली वेणी तिची आई पुन्हा घालायची, हा रोजचा क्रम. तो मोडला. ‘आत्याकडे जा, आत्या छान घालते,’ असं म्हणून आई तिला ताईंकडे पिटाळायला लागली. ताई खूश. पोरीला आपल्या हातची वेणी आवडते म्हणून त्यांनी दोन-तीन गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग ती दुपार आली. गिऱ्हाईक होतं प्राचार्यबाई. जवळच्या कॉलेजच्या, त्या आल्या की मागोमाग कॉलेजमधल्या निम्म्या बाया यायच्या, म्हणून ताई त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवायच्या. भावजयीनं त्यांचे केस धुवायला घेतले. नेहमीसारखे त्यांचे डोळे मिटले. मग शाम्पूचा फेस कानापाशी आला म्हणून तिनं तो बोटानं पुसला, आणि त्या बोटाची खरखर बाईंच्या गालाला लागली. त्यांनी डोळे उघडले. तिचा हात त्यांच्या डोळ्यांपासून वीतभर होता.

त्या ताडकन उठून बसल्या. फेस मानेवरून ओघळला. हे काय आहे हाताला, असं त्यांनी विचारलं, आणि मग आवाज थोडा खाली आणून, हे पसरणारं आहे का? पुढच्या खुर्च्यांवरच्या बाया आरशातून बघायला लागल्या. केस वाळवायचं मशीन चालू होतं ते कुणीतरी बंद केलं. सगळं दुकान ताईंकडे बघत होतं.

पाहायला गेलं तर उत्तर सोपं होतं. माझी भावजय आहे, पाण्यानं हात खराब झालेत, मी धुते तुमचे केस. एवढंच. पण ताईंच्या डोळ्यांपुढे रिकाम्या खुर्च्या आल्या. बाईंच्या तोंडून गोष्ट कॉलेजात जाणार, तिथून गल्लीत, आणि ताईंच्या घरच्यांनाच कसला तरी रोग आहे असं उद्या सगळे म्हणणार. घरच्यांना. तो शब्द त्यांना झोंबला, आणि त्यांनी तो झटकून टाकला.

“कामाला ठेवलेली बाई आहे हो,” त्या म्हणाल्या. “मला काही कल्पनाच नव्हती. उद्यापासून नाही दिसणार ती तुम्हाला.”

भावजय तिथेच उभी होती. हातांवर फेस, कोपरांपासून पाणी गळतंय. तिनं ताईंकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघितलं, बाजूला झाली आणि पडद्याआड गेली. ताईंनी बाह्या सरसावल्या आणि बाईंचे केस स्वतः धुतले. मुरलेल्या हातांनी, अगदी छान.

उरलेला दिवस ती मागे टॉवेल धूत बसली. एकदाही पुढे आली नाही. ताई दोनदा पडद्यापर्यंत गेल्या आणि दोन्हीदा काहीतरी काम आठवल्यासारखं करून परतल्या. दुकान बंद करायची वेळ झाली तेव्हा ती पर्स घेऊन बाहेर आली. पोरी निघताना म्हणतात त्याच सुरात, तितक्याच हळू, ती म्हणाली, “येते, मॅडम.”

धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय, ते ताईंना तेव्हा कळलं. चिडली असती तर बरं झालं असतं. रडली असती, भांडली असती, नवऱ्याला घेऊन दारात आली असती, तर ताईंनीही दोन शब्द सुनावले असते आणि भांडणाच्या धुरळ्यात सगळं मिटून गेलं असतं. पण ती भावाला काही बोललीच नाही. संध्याकाळी भावाचा फोन आला तो भलत्याच कामासाठी, आणि शेवटी त्यानं सहज म्हटलं, हिला जरा बरं नाही, चार दिवस येणार नाही, तुझी तारांबळ होईल. तुझी तारांबळ होईल! ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताट समोर होतं ते त्यांनी झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्या भावाच्या घरी जाऊन उभ्या राहिल्या. चल, म्हणाल्या, कातडीच्या डॉक्टरकडे. आता खरं सांगायचं तर त्यांच्या मनात सगळं काही दुधासारखं शुभ्र नव्हतं. तिला बरं वाटावं हे होतं. हे पसरणारं नाही असं डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की दुकानावरचं किटाळ जाईल, हेही होतं. आणि कुठेतरी खोल, आपलं हात मुरण्याचं म्हणणं खरं ठरेल, काळजी घेतली नाही असं डॉक्टर तिलाच सांगेल, अशीही एक आशा होती. पीळ असा सहजासहजी जात नाही. भावजयीनं काही न विचारता चपला घातल्या. रस्ताभर ती ताईंच्या एक पाऊल मागून चालत होती.

डॉक्टर तरुण होती, भराभर बोलणारी. तिनं भावजयीचे हात दिव्याखाली धरून उलटसुलट बघितले, आणि लहानपणाबद्दल विचारायला लागली. लहान असताना कोपराच्या, गुडघ्याच्या आत खाज यायची का? यायची. लोकरीचे कपडे चालायचे का? नाही, अंग लाल व्हायचं. घरात कुणाला दमा, सारखी सर्दी? वडिलांना. ताईंना हा सगळा फापटपसारा वाटला. शेवटी त्यांना राहवलं नाही.

त्या म्हणाल्या, अहो डॉक्टर, पाणी तेच, शाम्पू तोच, साबण तोच. मी जन्मभर यातच आहे. हे बघा. आणि त्यांनी सवयीप्रमाणे आपले पंजे टेबलावर पसरले. भावजयीच्या हातांच्या शेजारी.

डॉक्टरनं ताईंचे हात खरोखरच हातात घेऊन बघितले आणि म्हणाली, सुरेख आहेत. मग तिनं सांगितलं ते असं. कातडीचा वरचा थर म्हणजे भिंतीवरचा गिलावा. कुणाचा जन्मतःच दाट असतो, कुणाचा विरळ. ते आई-बापांकडून येतं, नाकडोळे येतात तसं. विरळ गिलाव्यातून आतली ओल लवकर उडून जाते आणि बाहेरचं नको ते लवकर आत शिरतं. त्यावर दिवसभर पाणी आणि साबण. साबणाला केसांचं तेल आणि हाताचं तेल यातला फरक कळत नाही, तो दोन्ही काढतो. दाट गिलावा रातोरात भरून येतो, विरळ येत नाही. एकदा भेग पडली की पुढचं सगळं तिथूनच आत जातं, अधिक सूज, अधिक भेगा. ॲलर्जी आहे का ते नंतर पाठीवर पट्ट्या लावून तपासू, पण हे आधी पाण्याचं आणि साबणाचंच काम दिसतंय. यात तिचा काही दोष नाही. ती नाजूक नाही, आळशी नाही, घाणेरडी तर नाहीच नाही.

“पण हात मुरतो,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांचा मुरतो. माझ्याकडे इतक्या पोरी होऊन गेल्या.”

“थोडीफार सवय होते काही जणींच्या कातडीला,” डॉक्टर म्हणाली. “पण तुमचे हात मुरलेले नाहीत, ताई. ते पहिल्यापासूनच असे होते. मला एक सांगा, ज्या पोरी मुरल्या नाहीत त्या कुठे आहेत?”

त्या कुठे आहेत? त्या गेल्या. ज्यांचे हात टिकले त्या राहिल्या आणि ज्यांचे टिकले नाहीत त्या निघून गेल्या, आणि राहिलेल्यांचे हात दाखवून ताई छाती पुढे काढत आल्या. एक गेली ती शेवटच्या दिवशी हात पाठीमागे धरून उभी होती. एकीनं जाताना घरचं काम निघालं असं सांगितलं, तेव्हा तिच्या बोटांना फडकी गुंडाळलेली होती. ताईंनी तिच्या पाठमोऱ्या अंगावर म्हटलं होतं, कामचुकार. मोठ्यानं म्हटलं होतं, राहिलेल्यांना धडा मिळावा म्हणून. त्या पोरींची नावंसुद्धा आता त्यांना धड आठवेनात.

डॉक्टर भावजयीकडे वळली होती. दिवसातून हात किती वेळा धुता? ती म्हणाली, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर दोनदा, ब्रशनं. घरी गेल्यावर औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवते. कधी कधी पहाटे उठून पुन्हा. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. अहो, हे म्हणजे आगीत तेल. कुणी सांगितलं तुम्हाला हे करायला?

आता ताईंनी तोंड उघडायला हवं होतं. मी सांगितलं. दोन शब्द. त्या समोरच्या भिंतीवरचं कातडीचं मोठं रंगीत चित्र बघत बसल्या, जणू त्यांना उद्या त्यावर परीक्षा द्यायची होती. भावजय एक क्षण थांबली आणि म्हणाली, असंच, मलाच वाटलं.

मग तिनं स्वतःहून एकच प्रश्न विचारला. येताना रस्ताभर तोच घोळवत आली असावी, इतका तो तयार होता.

“मी माझ्या मुलीला हात लावला तर चालेल?”

डॉक्टरला हसू आलं. का नाही चालणार, असं ती म्हणाली. हे कुणाला लागत नाही, लागलं असतं तर आधी नवऱ्याला लागलं असतं. आणि मग तिचं हसू कमी झालं. तिनं विचारलं, म्हणजे? तुम्ही लावत नाही?

“महिना झाला असेल,” भावजय म्हणाली. “आंघोळ तिची ती करते. जेवायला चमच्यानं देते. वेणी वन्...” ती थांबली. “वेणी दुसरीकडून घालून घेते. झोपेत असली की फक्त जवळ जाते, पांघरुणावरून.”

ताईंना गालात कुणीतरी चपराक ठेवून दिल्यासारखं झालं. वेणीच्या कौतुकाची गोष्ट त्यांनी ज्या-ज्या गिऱ्हाइकांना सांगितली होती ती सगळी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. आपण पोरीच्या आवडीच्या झालो म्हणून फुगलो होतो, आणि इथे एक आई आपल्याच पोरीपासून हात आवरून बसली होती. आपण सांगितलं म्हणून. घाण राहते म्हणालो होतो ना आपण? मग घाण हात कोण लावेल आपल्या लेकराला? आणि त्याहून वाईट म्हणजे, बोलता बोलता अर्धा ‘वन्सं’ तिच्या तोंडात आला होता आणि तिनं तो गिळला होता.

मलम मिळालं, पांढरे सुती मोजे मिळाले, त्यावर घालायचे रबरी मोजे मिळाले, साबणाला काही आठवडे रजा मिळाली. घराच्या दारात ताई म्हणाल्या, बरी झालीस की ये, आता बेसिनपाशी मोजे घालूनच काम. ती म्हणाली, बघते, मॅडम.

ताईंनी खरोखरच दुसऱ्या दिवशी मोज्यांचे खोके आणून बेसिनांवरच्या फळीवर मांडले. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांतल्या एकीनं मोजे चढवताना आपले तळहात चटकन खाली वळवले, आणि ताईंना दिसलं की तिच्याही बेचक्यांत लाली आहे. किती दिवस होती कोण जाणे. मुरतोय हात असं मानून, किंवा लोणीचं काय झालं ते बघून, गप्प राहिली असेल. ताईंनी तिला त्याच दुपारी त्याच डॉक्टरकडे धाडलं. आणि गंमत बघा, ज्या अपमानाच्या भीतीनं इतकी वर्षं मोजे वर्ज्य होते, त्या अपमानाबद्दल एकाही गिऱ्हाइकानं हूं की चूं केलं नाही. एकजण तर म्हणाली, बरं केलंत, स्वच्छ वाटतं.

आणि दोन-तीन आठवड्यांनी प्राचार्यबाई आल्या. ताईंनी मनाशी घोकून ठेवलं होतं. खुर्च्या भरलेल्या होत्या. हे सगळ्यांच्या कानांवर जायला हवं म्हणून त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, की बाई, त्या दिवशी तुमचे केस धूत होती ती माझी सख्खी भावजय. मी तुमच्याशी खोटं बोलले. तिला काही पसरणारं नाही, पाण्यानं आणि माझ्या अडाणी सल्ल्यानं हात गेलेत तिचे. पसरवायचं असेल तर हे पसरवा.

बाई अवघडल्या. म्हणाल्या, “अहो, पण मग तेव्हाच का नाही सांगितलंत? माझ्या बहिणीला हेच आहे, लहानपणापासून. मी दचकले म्हणून नुसतं विचारलं होतं.”

नुसतं विचारलं होतं! त्यांनी तिला काढा म्हटलं नव्हतं. पुन्हा येणार नाही म्हटलं नव्हतं. जे काय बोलल्या ते ताई बोलल्या, कुणी मागितलं नसताना. थेंबानं गेली ती हौदानं येत नाही म्हणतात. इथे तर तो थेंब सांडायला कुणी धक्कासुद्धा दिला नव्हता.

तरीही संध्याकाळी ताई जवळजवळ धावतच भावाकडे गेल्या. काही झालं तरी त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. नाक खाली करून सांगितलं होतं. आता तिला कळू दे, आणि मग... मग काय, ते त्यांनी स्वतःशीही नीट म्हटलं नाही, पण पायऱ्या चढताना त्यांचे कान एका हाकेसाठी टवकारलेले होते.

भावजय पलंगावर बसली होती. हात बरे दिसत होते. लाली उतरली होती, चिरा मिटत आल्या होत्या, मलमानं बोटं चमकत होती. भाची तिच्या मांडीला टेकून चित्र रंगवत होती आणि आईचा एक हात तिच्या डोक्यावर होता, कामाशिवाय, नुसता ठेवलेला. ताई समोरच्या खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोजे, त्या पोरीची लाली, प्राचार्यबाई, आपण काय म्हणालो, कोण कोण ऐकत होतं. डॉक्टरकडे गप्प बसले तेही चुकलं, ब्रशचं मीच सांगितलं होतं, लोणी म्हणत होते तेही चुकलं, असं त्यांनी सांगितलं. आयुष्यात एवढ्या चुका त्यांनी एका बैठकीत कधी कबूल केल्या नव्हत्या.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. चेहऱ्यावर राग नव्हता, हे ताईंनी नीट पाहून घेतलं.

“बरं केलंत, मॅडम,” ती म्हणाली. आणि मग अगदी शांतपणे, पोरीच्या केसांतला हात न हलवता, “पण आज मी तिथे नव्हते. त्या दिवशी होते.”

उद्या ये, सगळ्यांसमोर पुन्हा म्हणते, हे ताईंच्या ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण पुन्हा म्हणायचं ते कुणासाठी, हे त्यांना आता दिसत होतं. भाचीनं वर बघून आत्याला चित्र दाखवलं. छान आहे गं, असं ताई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात मांडीवर पालथे पडले होते, साफ, सरळ, कुठेही ओरखडा नसलेले, आणि जन्मात पहिल्यांदाच ते कुठे लपवावेत असं त्यांना झालं होतं.